त्सुफेनहाउझेनहून घरचा संगणक उघडत नाही तेव्हा

आपल्या समाजातील मुले आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूरदूरच्या देशांत जाऊ लागली आहेत. पूर्वी फ्रान्स आणि इंग्लंड एवढीच नावे कानावर येत. आता जर्मनीचेही नाव घरात निघू लागले आहे. मागे आई-वडील राहतात आणि त्यांच्या टेबलावर एक संगणक राहतो. बँकेचा हिशेब, विजेचे बिल, पेन्शनचे कागद, नातवंडांचे फोटो हे सारे त्या संगणकात असते, आणि काही अडले की आई-वडील मुलालाच फोन करतात. मुलगा मग तिकडे बसून इकडचा संगणक आपल्या पडद्यावर उघडतो आणि स्वतः माऊस फिरवून काम करून देतो. ही सोय फार मोठी आहे यात शंका नाही. पण ज्या दिवशी जोडणी लागत नाही त्या दिवशी दोन्हीकडची माणसे हैराण होतात. आमच्या पाहण्यात असे आले आहे की साध्या माणसाच्या पैशांवर डोळा ठेवणारे लोक नेमके त्याच वेळी मध्ये शिरतात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले.

वर मथळ्यात जे नाव आले आहे ते वाचताना वाचकांची जीभ अडखळली असेल. त्सुफेनहाउझेन हा जर्मनीतील स्टुटगार्ट शहराचा उत्तरेकडचा भाग. पूर्वी हे वेगळे गाव होते, १९३१ साली ते स्टुटगार्टमध्ये सामील झाले. पोर्शे मोटारगाडीचा कारखाना आणि मुख्य कचेरी येथेच आहे, आणि २००९ साली उघडलेले त्यांचे संग्रहालयही येथेच. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ सालापासून भगिनी-शहरे आहेत, ही गोष्टही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावी.

पण या गावाची आठवण आम्हाला मोटारींमुळे झाली नाही. आपल्या बेटावर संगणकाच्या साऱ्या कारभाराला आपण फ्रेंच धाटणीने ‘एन्फॉर्मातिक’ म्हणतो. फ्रेंच भाषेत हा शब्द १९६२ साली फिलिप द्रेफ्युस यांनी रूढ केला. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९५७ साली, कार्ल श्टाइनबुख नावाच्या जर्मन अभियंत्याने ‘इन्फॉर्मातिक’ हा शब्द आपल्या एका लेखाच्या मथळ्यात छापला होता. श्टाइनबुख हे त्या वेळी स्टॅन्डर्ड इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या उद्योगात काम करीत होते, आणि त्या उद्योगाचा ‘इन्फॉर्मातिक’ नावाचाच कारखाना त्सुफेनहाउझेनमध्ये होता. क्वेले या टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या जर्मन दुकानासाठी त्यांनी मागण्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा उभारली. आपण रोज जो शब्द उच्चारतो त्याचा जर्मन भाऊ असा टेलिफोनवाल्यांच्या घरात वाढला, हे आम्हाला मोठे योग्य वाटते, कारण दुरून संगणक चालवणे हे निम्मे काम संगणकाचे आणि निम्मे टेलिफोनचे आहे.

आणखी एक योगायोग असा की या कामाचे जगभर वापरले जाणारे दोन कार्यक्रम याच परिसरातले आहेत. टीमव्ह्यूअर ही कंपनी २००५ साली ग्योपिंगेन येथे निघाली. ते गाव स्टुटगार्टपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. एनीडेस्क ही कंपनी २०१४ साली खुद्द स्टुटगार्टमध्ये स्थापन झाली. म्हणजे त्सुफेनहाउझेनमध्ये खोली घेऊन राहणारा आपला मुलगा वाक्वातल्या आईचा संगणक उघडतो, तेव्हा ज्या कार्यक्रमाने तो ते करतो तो बहुधा त्याच्याच शेजारी तयार झालेला असतो.

आता ही जोडणी लागते कशी ते पाहू. हे एकदा नीट समजले की बिघाड कोठे शोधावा हे पुढे आपोआप कळते.

आपल्या घरात जो मोडेम असतो त्याला कुंपणाच्या फाटकावरचा रखवालदार समजावे. घरातला कोणीही बाहेर जाऊ लागला तर तो अडवत नाही आणि त्याचे उत्तर परत आले तर आत घेतो. पण बाहेरून अचानक कोणी येऊन ‘मला अमक्याच्या खोलीत जायचे आहे’ म्हणाला तर त्याला तो फाटकाबाहेरच ठेवतो. जर्मनीतल्या घरातही असाच रखवालदार असतो. दोन्ही घरे बंद, मग भेट व्हावी कशी? यासाठी दोन्ही संगणक आतून बाहेर निघतात आणि कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जातात. प्रत्येक संगणक तेथे आपला नऊ-दहा आकडी नंबर नोंदवून ठेवतो. मुलाने आईचा नंबर टाकला की सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमल्यास पुढचे बोलणे थेट एकमेकांशी होते, न जमल्यास सारे चित्र सर्व्हरमार्फतच जाते आणि थोडे सावकाश जाते.

म्हणजे या वाटेवर पाच ठिकाणे झाली: आईचा संगणक, आईचा मोडेम, मधला सर्व्हर, मुलाचे इंटरनेट, मुलाचा संगणक. बिघाड यांपैकी कोठे तरी असतो. आमचे मत असे की दहातल्या आठ वेळा तो पहिल्या दोन ठिकाणीच सापडतो, आणि मुलगा मात्र तासभर शेवटच्या ठिकाणी शोधत बसतो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात जे घडले ते सांगतो. जानेवारी महिना होता आणि चक्रीवादळाची सूचना लागली होती. आईला दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचे विवरण छापून हवे होते. मुलगा त्सुफेनहाउझेनला कामावरून परतला तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा. त्याने नंबर टाकला तर ‘हा संगणक उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. त्याने आपल्याकडचा कार्यक्रम काढून पुन्हा घातला, आपला संगणक बंद करून चालू केला, मग ऑफिसच्या लॅपटॉपवर काही अडथळा आहे की काय म्हणून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. इकडे आई फोनवर होती, बोलणे अर्धे मराठी, अर्धे क्रिओल.

“आई, तुमचं इंटरनेट चालू आहे ना?”

“चालू नसेल कसं, बाबू? तुझ्याशी बोलतेय ना मी, तुझं तोंडसुद्धा दिसतंय!”

या उत्तराने मुलाचा तास गेला. शेवटी त्याने विचारले, “आई, मोडेमवर किती दिवे लागलेत, जरा बघून सांग.” आई उठून पाहून आली. दिवा एकही नव्हता. विजा चमकू लागल्या तेव्हा वडिलांनी मोडेमची वायर भिंतीतून काढून ठेवली होती, जे त्यांनी अगदी योग्यच केले होते. संगणक लॅपटॉप असल्याने बॅटरीवर चालत होता, आणि आईचा फोन मोबाईलच्या डेटावर चालत होता. म्हणून फोनवर मुलाचे तोंड दिसत होते आणि घरात इंटरनेट मात्र नव्हते.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम लांबवून सांगितला, कारण त्यात एक मोठा धडा आहे. फोन चालतो यावरून घरचे इंटरनेट चालते असे कधीही धरू नये. ज्या संगणकात शिरायचे आहे त्याच संगणकावर एखादे वर्तमानपत्राचे पान उघडून पाहावे. उघडले तर मोडेमपर्यंतची वाट मोकळी आहे. न उघडले तर मोडेमचे दिवे पाहावे. फायबरच्या पेटीवर ‘एल.ओ.एस.’ असे लिहिलेल्या जागी लाल दिवा लागला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही असे समजावे. तेथे आपण किंवा मुलगा काही करू शकत नाही, टेलिफोन कंपनीलाच कळवावे लागते. दिवे ठीक असूनही पान उघडत नसेल तर मोडेम बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा लावावा. सारे दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये.

इंटरनेट ठीक असेल तर पुढचा प्रश्न असा की संगणक जागा आहे का. हल्लीचे संगणक दहा-पंधरा मिनिटे कोणी हात लावला नाही तर झोपी जातात, आणि लॅपटॉपचे झाकण लावले की लगेच. झोपलेला संगणक सर्व्हरकडे जात नाही, मग सर्व्हर म्हणणारच की असा कोणी येथे नाही. मुलगा सुटीवर घरी येईल तेव्हा त्याच्याकडून सेटिंगमध्ये जाऊन, वीज जोडलेली असताना संगणकाने झोपू नये, एवढे करून घ्यावे.

त्यानंतर नंबर. येथे शिक्षक या नात्याने आम्हाला दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. नंबर फोनवरून वाचून दाखवताना आपण त्याचे दोन-दोनचे तुकडे पाडतो आणि तेथेच घोटाळा होतो. ७९ हा आकडा घ्या. मराठीत आपण ‘एकोणऐंशी’ म्हणतो, म्हणजे ऐंशीला एक कमी. फ्रेंच माणूस ‘साठ आणि एकोणीस’ म्हणतो. जर्मन माणूस ‘नऊ आणि सत्तर’ म्हणतो, म्हणजे आपल्या ‘एकवीस’, ‘बावीस’ यांच्याप्रमाणे एकक आधी आणि दशक नंतर. जो मुलगा घरी क्रिओल, शाळेत फ्रेंच, बैठकेत मराठी आणि आता कामावर जर्मन बोलतो, त्याला आईने ‘एकोणऐंशी’ सांगितले तर तो ८९ लिहील की ६९, हे देव जाणे! एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा गोंधळ तर आमच्या वर्गातली मुले रोज करतात. म्हणून आकडे एक-एक सुटे वाचावे, तीन-तीनच्या गटाने थांबावे, आणि ऐकणाऱ्याने ते परत वाचून दाखवावे. टीमव्ह्यूअरमध्ये नंबराबरोबर एक पासवर्डही दिसतो आणि तो सहसा दर वेळी बदलतो. मागच्या महिन्यात वहीत लिहून ठेवलेला पासवर्ड आज वाचून दाखवला तर दार उघडणार नाही.

नंबर बरोबर, इंटरनेट ठीक, तरीही काही होत नसेल तर आईच्या पडद्यावर ‘परवानगी द्यायची का?’ अशी छोटी चौकट उघडून वाट पाहत आहे का, ते पाहावे. पुष्कळदा ती दुसऱ्या एखाद्या पानाच्या मागे लपलेली असते.

कधी जोडणी लागते पण पडदा काळा दिसतो, किंवा चित्र दिसते पण बाण हलत नाही. ॲपलच्या मॅक संगणकावर असे झाले तर त्याचे कारण बहुधा एकच असते: पडदा दाखवण्याची एक आणि माऊस-कळफलक चालवण्याची एक, अशा दोन वेगळ्या परवानग्या त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन द्याव्या लागतात, आणि त्या दुरून देता येत नाहीत, समोर बसलेल्यानेच द्याव्या लागतात. विंडोजवर एखादा कार्यक्रम बसवताना ‘या कार्यक्रमाला बदल करू द्यायचे का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा मुलाच्या बाजूचे चित्र गोठल्यासारखे होते. तो बिघाड नव्हे, तो पहारा आहे. आईने समोरून ‘होय’ दाबले की चित्र पुन्हा हलू लागते. आणि आयफोन असेल तर दुरून त्याचा पडदा पाहता येतो, पण चालवता येत नाही. तेथे मुलाने सांगायचे आणि आईने बोट लावायचे, एवढाच मार्ग.

संगणकाचे घड्याळही तपासावे. जुन्या संगणकातली छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरची ओळखपत्रे त्याला ‘अजून सुरू न झालेली’ वाटतात आणि तो कोणाशीच सुरक्षित जोडणी करत नाही. अशा वेळी बँकेचे पानही उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की सारे सुरळीत होते. हे कारण क्वचित येते, पण आले म्हणजे भल्याभल्यांना चकवते.

जर्मनीच्या बाजूने अडथळा असला तर तो बहुधा ऑफिसचा असतो. मोठ्या कारखान्यांच्या आणि विद्यापीठांच्या जाळ्यात असे कार्यक्रम मुद्दाम बंद ठेवलेले असतात. एनीडेस्क ८०, ४४३ आणि ६५६८ या क्रमांकांच्या दारांतून बाहेर पडू पाहतो, टीमव्ह्यूअर ५९३८ मधून, आणि न जमल्यास साध्या वेबपानांच्या वाटेने. ऑफिसने ही दारे किंवा हे कार्यक्रमच बंद केले असतील तर पळवाट शोधू नये; घरी जाऊन स्वतःच्या संगणकावरून जोडावे. नोकरी जाण्यापेक्षा दोन तास थांबणे बरे.

काही हौशी तरुण विंडोजचीच स्वतःची दूरस्थ सोय वापरू पाहतात. एक तर विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत बाहेरच्याला आत घेण्याची ही सोय नसते, आणि घरोघर हीच आवृत्ती असते. दुसरे असे की ती चालवण्यासाठी मोडेममधले ३३८९ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडून ठेवतात. हे कृपा करून करू नये. त्या दारावर जगभरचे चोर दिवसरात्र टकटक करीत असतात. मे २०१९ मध्ये या सोयीत एवढी मोठी फट सापडली की मायक्रोसॉफ्टने, ज्याकडे पाहणे कधीच बंद केले होते त्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

जोडणी लागते पण फार सावकाश चालते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. यात दोष कोणाचा? थोडा भूगोलाचा. आपल्या बेटापासून स्टुटगार्ट सरळ रेषेत सुमारे नऊ हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मुलाने माऊस हलवला, त्याची खबर येथे आली आणि बदललेले चित्र परत गेले, यात कमीत कमी नव्वद सहस्रांश सेकंद जाणारच. शिवाय समुद्रातल्या केबली सरळ रेषेत नसतात. २००२ साली आलेली ‘सेफ’ केबल दक्षिण आफ्रिकेहून आपल्या बेटावरून कोचीकडे आणि पुढे मलेशियाला जाते. २०२१ ची ‘मेटिस’ केबल रेयुन्यों आणि मादागास्करमार्गे दक्षिण आफ्रिकेला जाते. युरोपला जायचे तर कोणत्याही बाजूने वळसाच. हा विलंब कोणी दूर करू शकत नाही. पण कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी करणे, मागचे रंगीत चित्र बंद ठेवणे, आणि त्या वेळी घरात दुसऱ्या कोणी सिनेमा पाहत नाही ना हे पाहणे, एवढे आपल्या हातात आहे. मुलाने सुद्धा एकदा दाबून उत्तराची वाट पाहावी. घाईने पाच वेळा दाबले तर पाचही वेळा दाबलेले येथे पोचते आणि भलतीच पाने उघडतात.

हे कार्यक्रम घरगुती कामासाठी फुकट आहेत. मात्र आपण धंद्यासाठी वापरतो आहोत असा कंपनीला संशय आला तर जोडणी काही मिनिटांनी आपोआप तुटते, आणि तशी सूचना पडद्यावर येते. ती वाचावी. लोक ती न वाचताच मोडेमला दोष देतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. वर सांगितलेल्या त्या कुटुंबात, मुलगा तिकडे खटपट करीत असताना, शेजारच्या एका मुलाने चांगल्या हेतूने इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधला आणि फोन लावून दिला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. ‘काळजी करू नका, मी पाच मिनिटांत ठीक करतो’ म्हणाला. त्याने मोडेमचे विचारले नाही, संगणकाचे विचारले नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, तुमचे खाते कोणत्या बँकेत आहे? वडिलांनी तेथेच फोन ठेवला. फोन ठेवला नसता आणि त्या रात्री इंटरनेट चालू असते, तर काय झाले असते ते सांगायला नको.

ज्या दाराने मुलगा आत येतो त्याच दाराने चोरही येऊ शकतो. कार्यक्रम तोच, नंबर तोच. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना इशारा दिला तेव्हा एनीडेस्कचे नाव घेऊनच दिला, कारण लोकांना फोन करून, तो कार्यक्रम मोबाईलवर घ्यायला लावून आणि नंबर विचारून खाती रिकामी केली जात होती. यात कार्यक्रम फसवा नव्हता, फोन करणारा फसवा होता. कंपन्यांवरही संकटे आली आहेत. आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे एनीडेस्कने २ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर केले, आपल्या संकेतस्थळावरचे पासवर्ड रद्द केले, आणि नवी आवृत्ती घ्यायला सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनेही आपल्या कचेरीच्या जाळ्यात घुसखोरी झाल्याचे सांगितले. म्हणून संगणकावर फार जुनी आवृत्ती पडून असेल तर ती काढून टाकून, कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच नवी घ्यावी. जुनी आवृत्ती हे जोडणी न लागण्याचेही एक कारण असते.

आई-वडिलांसाठी नियम एकच पुरे: ज्याने आपल्याला फोन केला त्याला नंबर द्यायचा नाही, तो बँकेचा म्हणवो की मायक्रोसॉफ्टचा. आपण ओळखीच्या नंबरावर ज्या माणसाला फोन केला, आणि ज्याचा आवाज आपण ओळखतो, त्यालाच द्यायचा. बँकेशी बोलायचे असेल तर कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावावा, इंटरनेटवर शोधलेला नव्हे. आणि कोणी अनोळखी माणूस आत शिरलाच, बाण आपोआप फिरू लागला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नये. मोडेमची वायर ओढावी. मग त्याच कार्डावरच्या नंबराने बँकेला कळवावे, आणि पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून बदलावे.

वायर ओढली की कोणीही आत राहू शकत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर दाखवून ठेवावे. त्यांच्या मनातली भीती निम्मी त्यानेच जाते. मोडेमशेजारी एक कागद चिकटवावा आणि त्यावर मोठ्या अक्षरात मुलाचा फोन नंबर, टेलिफोन कंपनीचा तक्रार नंबर, आणि कोणते दिवे एरवी लागलेले असतात ते लिहावे. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये.

आणि मुलाशी वेळ ठरवताना एक ध्यानात ठेवावे. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. आपली घड्याळे बदलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात त्सुफेनहाउझेन आपल्या तीन तास मागे असते आणि उन्हाळ्यात दोनच तास. त्या दोन रविवारांनंतरच्या आठवड्यात ‘जोडणी लागत नाही’ असे वाटले, तर आधी मुलगा घरी पोचला आहे का ते विचारावे.